वेदीवर उरलेली भाकर

कोणत्याही धर्माचें स्वरूप समजून घ्यावयाचें असलें म्हणजे अभ्यासक त्याचे ग्रंथ पाहतो, मंत्र पाहतो, विधि कसकसा चालतो तें टिपून ठेवतो. विधि आटोपल्यावर पुढें काय होतें, इकडे मात्र सहसा कोणाचें लक्ष जात नाहीं. आमच्या मतें ही मोठी उणीव आहे. आपल्याच घरचें उदाहरण घ्यावें. भात एकाच पातेल्यांतला. पण देवापुढें ठेवून उचललेला तो प्रसाद होतो, आणि जेवणाऱ्याच्या पानांत राहिलेला तो उष्टा होतो. देवाच्या मस्तकावरून उतरलेलें फूल निर्माल्य म्हणून वाहत्या पाण्यांत सोडतात. तें पायदळीं येऊं देत नाहींत. हे भेद घरांतल्या लहान मुलालाही व्याख्यान देऊन शिकवावे लागत नाहींत. मनुष्य काय मानतो हें त्याच्या ग्रंथांवरून कळतें खरें, पण तें तो किती मनापासून मानतो याची परीक्षा उरलेल्या वस्तूशीं तो कसा वागतो त्यावरून होते. ख्रिस्ती धर्मांतील प्रभुभोजनाच्या शेषभागाचा इतिहास या दृष्टीनें फार बोधप्रद आहे, आणि तोच येथें थोडक्यांत सांगण्याचा आमचा विचार आहे.

वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्रीं येशूनें शिष्यांसह भोजन केलें. त्या वेळीं त्यानें भाकर मोडून वांटली, द्राक्षारसाचा प्याला फिरविला, हें आपलें शरीर व हें आपलें रक्त असें सांगितलें, आणि आपल्या स्मरणार्थ हा विधि करीत जाण्याची आज्ञा केली. मराठी बायबलांत यालाच प्रभुभोजन म्हटलें आहे. उपासनेला किती माणसें येतील याचा नेमका अंदाज पुरोहिताला कधींच नसतो. त्यामुळें वेदीवर कांहीं ना कांहीं उरतेंच. भाकर वाळते, तिला बुरशी येते, द्राक्षारस आंबतो. हा विधि केवळ स्मरणाचा असेल, तर उरली ती साधी भाकर होय. पण मंत्रोच्चारानंतर ती खरोखरच ख्रिस्ताचें शरीर झाली असेल, तर ती टाकावी कशी, ठेवावी कोठें, आणि कोणी खावी? पंडितांच्या वादांत या दोन टोकांच्या मध्यें शेंकडों मतें निघूं शकतात. पण वेदीपुढें उभ्या असलेल्या पुरोहिताला त्या तुकड्याचें कांहीं तरी तत्काळ करावेंच लागतें.

पहिल्या तीन शतकांत या प्रश्नाचें उत्तर सोपें होतें. इ. स. १५५ च्या सुमारास जस्टिन यानें रोमन बादशहाला उद्देशून जें समर्थन लिहिलें, त्यांत ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या उपासनेचें वर्णन आहे. जमलेल्यांना भाकर व द्राक्षारस वांटल्यावर, जे येऊं शकले नाहींत त्यांचा वांटा डीकन म्हणजे चर्चचे सेवक घरपोंच करीत, असें तो सांगतो. इ. स. २०० च्या सुमारास कार्थेज येथील टर्टुलियन याच्या लेखांवरून असें दिसतें कीं, लोक ही भाकर घरीं नेऊन ठेवीत आणि इतर अन्नाला शिवण्यापूर्वीं तिचा तुकडा खात. ख्रिस्ती स्त्रीनें अन्यधर्मीय पुरुषाशीं लग्न करूं नये, हें पटवितांना तो विचारतो कीं, रोज सकाळीं तूं गुपचूप काय खातेस हें तुझ्या नवऱ्याच्या ध्यानांत येणार नाहीं काय? चौथ्या शतकांत बेसिल यानें लिहिलें आहे कीं, ईजिप्तमध्यें सामान्य गृहस्थही ही भाकर घरीं बाळगतात व स्वतःच्या हातानें घेतात. रानांत राहणाऱ्या तापसांजवळ तर पुरोहित नसल्यामुळें त्यांना दुसरा मार्गच नाहीं. मिलानच्या अँब्रोझचा भाऊ सॅटिरस याचें जहाज फुटलें, तेव्हां त्यानें असाच एक तुकडा वस्त्रांत बांधून गळ्याभोंवतीं गुंडाळला आणि समुद्रांत उडी घेतली, असें अँब्रोझनेंच भावाच्या मृत्यूनंतर सांगितलें आहे. रोम शहरांत आणखी एक चाल होती. पोप पहिला इनोसंट यानें इ. स. ४१६ मध्यें लिहिलेल्या एका पत्रांत तिचा उल्लेख आहे. आपल्या वेदीवरील भाकरीचा अंश पोप दर रविवारीं शहरांतील इतर देवालयांकडे पाठवीत असे. हेतु हा कीं, त्या दिवशीं आपण बिशपापासून दूर आहों असें तेथील पुरोहितांना वाटूं नये.

म्हणजे त्या काळीं जें उरे तें बहुतांशीं उरलेलें नसेच. तो आजाऱ्याचा, बंदिवानाचा, प्रवाशाचा, दूरच्या देवळाचा राखून ठेवलेला वांटा असे. परंतु त्या काळचे लोक निष्काळजी होते असें मात्र कोणी समजूं नये. हिपॉलिटसच्या नांवावर चालत आलेल्या एका प्राचीन नियमग्रंथांत, घरीं ठेवलेली भाकर उंदराच्या किंवा दुसऱ्या प्राण्याच्या तोंडीं लागूं देऊं नये, अशी ताकीद आहे. चौथ्या शतकांत जेरुसलेमच्या सिरिलच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या प्रवचनांत, तुमच्या हातावर सोन्याचे कण ठेवले तर तुम्ही जितके जपाल, त्याहून अधिक या भाकरीच्या कणांना जपा, असा उपदेश केला आहे. वांटणें आणि जपणें या दोन्ही वृत्ति आरंभापासून शेजारीं शेजारीं नांदत होत्या. पुढचा सारा इतिहास म्हणजे या दोहोंचें प्रमाण कसें बदलत गेलें याचा इतिहास आहे.

राजाश्रय मिळाला, देवळें मोठीं झालीं, आणि वांटा पाठवूनही पुष्कळ उरूं लागलें. तेव्हां ठिकठिकाणीं निरनिराळ्या चाली पडल्या. जेरुसलेम येथें उरलेलें अग्नीच्या स्वाधीन करीत, असें पांचव्या शतकांतील हेसिकियस सांगतो. बळीचा शेषभाग जाळून टाकावा, या यहुदी शास्त्रांतील जुन्या आज्ञेशीं तो याचा संबंध जोडतो. इ. स. ५८५ मध्यें फ्रान्समधील माकों येथें भरलेल्या धर्मपरिषदेनें ठरविलें कीं, उरलेले तुकडे द्राक्षारसांत भिजवून बुधवारीं किंवा शुक्रवारीं उपाशीपोटीं आणलेल्या निष्पाप मुलांना द्यावे. कॉन्स्टँटिनोपल येथेंही अशीच जुनी चाल असल्याचें सहाव्या शतकांतील इतिहासकार इव्हॅग्रियस यानें नमूद केलें आहे. शेषभाग फार उरला म्हणजे पंतोजीकडे शिकणाऱ्या लहान मुलांना बोलावून आणीत व त्यांना तो खाऊं घालीत. मोठ्यांनीं ज्याला स्पर्श करतांना कचरावें, तें मुलांच्या हातीं निःशंकपणें द्यावें, ही कल्पना आपल्या वाचकांना परकी वाटणार नाहीं असें आम्हांस वाटतें.

परंतु याच चालीच्या अनुषंगानें इव्हॅग्रियसनें एक कथा दिली आहे, आणि ती आम्हांस दुश्चिन्हासारखी वाटते. त्या मुलांत एका यहुदी कांचकाराचा मुलगा गेला व इतरांबरोबर त्यानेंही तो तुकडा खाल्ला. बापाला हें कळतांच त्यानें मुलाला कांचेच्या धगधगत्या भट्टींत टाकलें. तिसऱ्या दिवशीं आईनें पाहिलें तों मूल सुखरूप. ही कथा युरोपभर पसरली. वाचणाऱ्या मुलापेक्षां जाळणारा बापच लोकांच्या अधिक लक्षांत राहिला. यहुदी मनुष्य आणि वेदीवरची भाकर यांचें वैर असतेंच, ही समजूत अशा कथांनींच रुजली. तिचीं फळें पुढें सांगावयाचीं आहेत.

पूर्वेकडील चर्चांनीं या प्रश्नाची सोडवणूक मोठ्या व्यवहारचातुर्यानें केली. ग्रीक व रशियन चर्चांत भाकरीचे तुकडे द्राक्षारसाच्या पात्रांतच घालून चमच्यानें देतात. अखेरीस पात्रांत राहील तें डीकन किंवा पुरोहित तेथल्या तेथें संपवून टाकतो. ज्या मोठ्या भाकरीतून वेदीसाठीं मधला भाग कापून घेतलेला असतो, तिचा बाकीचा भाग मंत्रसंस्कार न झाल्यामुळें केवळ आशीर्वादयुक्त समजतात आणि उपासनेनंतर सर्वांना वांटतात. त्याला ‘दानाऐवजीं दिलेलें’ अशा अर्थाचें ग्रीक नांव आहे. येणेंकरून मुख्य वस्तूचें पावित्र्यही राहतें आणि कोणी रित्या हातानें परतही जात नाहीं. सिरियाच्या पूर्वेकडील प्राचीन चर्चाची समजूत तर याहून विलक्षण आहे. मूळ भोजनाच्या रात्रीं शिष्य योहान याला भाकरीचे दोन वांटे मिळाले, त्यांतला एक त्यानें राखून ठेवला, आणि त्याच्याच अंशापासून आजतागायत प्रत्येक नव्या भाकरीचें पवित्र विरजण होत आलें आहे, असें ते मानतात. इतिहासाच्या कसोटीला ही परंपरा उतरो वा न उतरो, तिच्या मुळाशीं असलेली कल्पना सुंदर आहे. येथें शेषभाग ही अडचण राहत नाहीं. तीच परंपरेची गांठ होते.

पश्चिमेकडे मात्र वेगळें वळण लागलें. अकराव्या शतकांत तूरच्या बेरेंगारनें भाकरीच्या रूपांतराविषयीं शंका उपस्थित केल्या. त्यांच्या निरसनासाठीं तर्कशास्त्र राबूं लागलें. इ. स. १२१५ मध्यें रोम येथें लॅटरन प्रासादांत भरलेल्या धर्मपरिषदेनें असें घोषित केलें कीं, भाकरीचें मूळ द्रव्यच पालटून ख्रिस्ताचें शरीर होतें. रंग, रूप, चव हे गुण तेवढे पूर्वीचे राहतात. त्याच परिषदेनें सामान्य लोकांनीं वर्षांतून निदान एकदां, ईस्टरच्या सुमारास, प्रभुभोजन घ्यावें असा नियम केला. वर्षांतून एकदां घेण्याचाही नियम करावा लागला, यावरून लोक वेदीपासून किती दूर गेले होते तें दिसतें. आणि त्याच परिषदेचा तिसरा नियम आमच्या विषयास लागू आहे: राखलेली भाकर कुलपांत ठेवावी, निष्काळजीपणें उघडी टाकणाऱ्याला तीन महिने अधिकारच्युत करावें. खाण्याचा प्रसंग विरळ झाला, आणि कुलूप मात्र सक्तीचें झालें.

याच काळांत विद्यापीठांतून एक प्रश्न चर्चिला जात असे. उंदरानें ही भाकर खाल्ली तर तो काय खातो? आजच्या वाचकाला हंसूं येईल. पण तो प्रश्न हंसण्यासारखा नव्हता. पीटर लॉम्बार्डनें, तें देवालाच ठाऊक, असें म्हणून सुटका करून घेतली. बोनाव्हेंचरला उंदराच्या पोटांत ख्रिस्ताचें शरीर जातें हें म्हणणें अनुचित वाटलें. टॉमस अक्वायनसनें आपल्या स्वभावाप्रमाणें तर्क शेवटपर्यंत नेला: जोंवर भाकरीचें रूप टिकून आहे तोंवर ख्रिस्ताचें शरीरही तेथें आहे, मग ती कोणाच्याही तोंडांत असो, रूप नष्ट झालें कीं तेंही तेथें राहत नाहीं. व्यवहारांतही याच सिद्धांताचा आधार मिळाला. पात्र धुतलेलें पाणी पुरोहितानें प्यावें. कण पडला किंवा भाकर नासली तर ती पाण्यांत पुरती विरघळूं द्यावी आणि मग तें पाणी गटारांत न जातां थेट जमिनींत मुरेल अशा खास कुंडांत ओतावें, अशी पद्धति पडली. जुन्या इंग्लिश देवळांतून वेदीजवळच्या भिंतींत अशीं कुंडें अजून दिसतात.

परंतु जी वस्तु कुलपांत ठेवावी लागते तिला चोर असणारच, असें मन म्हणूं लागतें. इ. स. १२९८ मध्यें जर्मनीतील रॉटिंगेन गांवीं यहुद्यांनीं पवित्र भाकर चोरून तिची विटंबना केल्याची हूल उठली. रिंटफ्लाइश नांवाच्या पुढाऱ्याच्या मागें जमलेल्या टोळ्यांनीं फ्रँकोनिया प्रांतांत व त्याच्या आसपास गांवेंच्या गांवें पालथीं घातलीं आणि हजारों यहुदी स्त्री-पुरुष-मुलांची कत्तल केली. ब्रसेल्स येथें १३७० मध्यें याच आरोपावरून यहुद्यांना जाळण्यांत आलें. १५१० मध्यें ब्रांडेनबुर्ग प्रांतांतील एका खेड्याच्या देवळांतून पवित्र भाकरीचें पात्र चोरीस गेलें. चोर ख्रिस्ती होता. पण छळाखालीं त्यानें यहुद्यांकडे बोट दाखविलें, आणि बर्लिन येथें अडतीस यहुदी जिवंत जाळले गेले. उरलेल्यांना प्रांताबाहेर हांकलण्यांत आलें. पुढें १५३९ मध्यें फ्रँकफुर्ट येथें जमलेल्या राजेलोकांपुढें मेलांख्थोननें खरा प्रकार उघड केला: त्या चोरानें मरण्यापूर्वीं आपल्या धर्मगुरूजवळ आरोप खोटा असल्याचें सांगितलें होतें, परंतु बिशपानें ती गोष्ट बाहेर फुटूं दिली नव्हती.

राखलेल्या भाकरीतून रक्त आलें, अशा बातम्याही त्या काळीं वारंवार उठत, आणि कोणीतरी तिला भोंसकलें असलें पाहिजे असा निष्कर्ष निघे. १८१९ मध्यें पादुआजवळच्या एका खेड्यांत मक्याच्या पिठाचें शिजवलेलें अन्न रक्तासारखें लाल झालें व लोक भयभीत झाले. बार्तोलोमेओ बिझिओ या औषधशास्त्रज्ञानें प्रयोग करून दाखविलें कीं, उबदार व दमट जागीं पिठाच्या पदार्थांवर वाढणाऱ्या एका सूक्ष्म जीवाचा तो रंग आहे. बर्लिनच्या एरेनबर्गनें १८४८ मध्यें या शोधाचा जुन्या रक्तकथांशीं संबंध जोडला. सगळ्याच कथा यानें उलगडतात असें नाहीं. परंतु देवळाच्या दमट कोनाड्यांत फार दिवस राहिलेल्या भाकरीवर लाल डाग उमटावा, आणि त्यापायीं शेजारच्या वस्तीवर मृत्यु कोसळावा, ही शक्यताच अंगावर कांटा आणणारी आहे.

सोळाव्या शतकांतील धर्मसुधारकांनीं कुलूप काढलें. प्रश्न मात्र तसाच राहिला. १५४३ मध्यें आइस्लेबेन येथील वोल्फेरिनस नांवाचा एक पाद्री उरलेला द्राक्षारस साध्या द्राक्षारसांत मिसळून ठेवूं लागला. ल्यूथरच्या अनुयायानें असें करणें तर्काला सोडून नव्हतें, कारण विधीच्या बाहेर ही वस्तु पूजनीय नाहीं असें ल्यूथरचें म्हणणें होतें. तरीही ल्यूथरनें त्याला पत्रें पाठवून खडसावलें: भोजनाला आलेल्यांनींच तेथल्या तेथें सर्व संपवावें, म्हणजे विधि केव्हां संपला, हा घातक वादच उरत नाहीं. पूर्वेकडच्या डीकनाचीच ही रीत होती. फक्त येथें ती सर्वांची झाली.

इंग्लंडच्या प्रार्थनाग्रंथाच्या तीन आवृत्त्या वाचल्या तर त्या देशाचे धार्मिक चढउतार एका सूचनेंत सांपडतात. १५४९ च्या ग्रंथांत आजाऱ्यासाठीं वेदीवरचा वांटा राखण्याची मुभा होती. १५५२ मध्यें ती गेली. उरेल ती भाकर व द्राक्षारस पाद्रीनें स्वतःच्या उपयोगासाठीं न्यावा, असें छापलें गेलें. म्हणजे वेदीवरची भाकर त्याच्या घरच्या जेवणांत आली तरी हरकत राहिली नाहीं. १६६२ च्या ग्रंथानें मध्यम मार्ग काढला. मंत्रसंस्कार न झालेलें पाद्रीनें न्यावें. झालेलें देवळाबाहेर जाऊं नये, पाद्रीनें व भोजन घेणाऱ्यांनीं तेथेंच आदरपूर्वक संपवावें.

या सूचनेचा शेवटचा पडसाद तर थेट पार्लमेंटांत उमटला. १९२७ मध्यें बिशपांनीं सुधारलेला प्रार्थनाग्रंथ मंजुरीसाठीं आला. आजाऱ्यांसाठीं भाकर राखून ठेवण्याची परवानगी हा त्यांतील वादाचा एक मुख्य मुद्दा होता. राखलेल्या भाकरीची उद्यां पूजा सुरू होईल आणि रोमची सत्ता मागल्या दारानें परत येईल, असें विरोधकांना भय होतें. लॉर्डांच्या सभेनें ग्रंथ मान्य केला. पण कॉमन्स सभेनें तो डिसेंबर १९२७ मध्यें २३८ विरुद्ध २०५ मतांनीं आणि, कांहीं फेरफार करून आणल्यावरही, जून १९२८ मध्यें २६६ विरुद्ध २२० मतांनीं फेटाळला. त्या सभेंत त्या वेळीं मुंबईंत जन्मलेले पारशी सभासद शापुरजी सकलातवाला हेही बसत होते. वेदीवरचा एक तुकडा अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीपर्यंत पोंचावा कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार नाना धर्मांच्या व पंथांच्या सभासदांच्या राजकीय सभेकडे जावा, हा इतिहासाचा विनोद खरा. परंतु त्यामागचें भय जुनेंच होतें. जें राखून ठेवलें आहे त्याचें पुढें काय होईल, याचें तें भय.

गेल्या साठ-सत्तर वर्षांत या वादाला शांत वळण लागलें आहे. १९६७ मध्यें रोमच्या अधिकृत सूचनेंतच, भाकर राखण्याचा मूळ व प्रधान हेतु मरणोन्मुख मनुष्याला ती पोंचविणें हा होय, असें स्पष्ट सांगितलें गेलें, पूजन त्यानंतरचें. ब्रसेल्सच्या मुख्य देवळांत १३७० च्या कथेचीं रंगीत कांचचित्रें अजून आहेत, पण त्या देवळांत १९७७ मध्यें एक धातुपट बसवून यहुद्यांवरील तो आरोप निराधार असल्याचें कबूल करण्यांत आलें. १९८२ मध्यें पेरूच्या लिमा शहरीं नानापंथीय ख्रिस्ती पंडितांनीं एकमतानें एक निवेदन तयार केलें. भाकर राखण्याचा प्रथम हेतु आजाऱ्यांना व अनुपस्थितांना ती देणें हा आहे. उरलेल्या भागाविषयीं आदर दाखविण्याचा उत्तम मार्ग म्हणजे ती सेवन करणें. आणि या बाबतींत एका पंथानें दुसऱ्याच्या भावनेचा मान राखावा, असा त्याचा आशय आहे. जस्टिनच्या रविवारच्या उपासनेपासून निघालेला प्रवास अठराशें वर्षांच्या वळणांनंतर पुन्हां त्याच दाराशीं येऊन पोंचला आहे.

यावरून जपणुकीची वृत्ति वाईट आणि वांटण्याची तेवढी चांगली, असा सरसकट निवाडा आम्हीं देऊं इच्छित नाहीं. सिरिलचे सोन्याचे कण आणि ल्यूथरची पत्रें यांत खरी भक्ति आहे. आणि ज्याला आपण पवित्र म्हणतों तें कोठेंही टाकतांना ज्याचा हात कांपत नाहीं, त्याच्या पवित्रतेच्या गोष्टींना फारसा अर्थ नसतो. परंतु या इतिहासांत एक गोष्ट पुनःपुन्हां दिसते. उरलेली भाकर कोणासाठीं आहे हें जोंवर लोकांना ठाऊक होतें, मग तो आजारी असो, बंदिवान असो कीं शाळेंतलें पोर असो, तोंवर ती त्यांना एकत्र बांधीत होती. ती कोणापासून वांचवावयाची आहे, हाच विचार जेव्हां मुख्य झाला, तेव्हां कुलपामागून संशय आला आणि संशयामागून आग. धर्म कोणताही असो, देवापुढच्या पात्रांत कांहीं उरलें म्हणजे, आज येथें येऊं न शकलेला असा कोण आहे, हा प्रश्न आधीं विचारावा. कुलपाचा विचार त्यानंतर केला तरी चालण्यासारखें आहे.